समुद्राच्या तळाला नीरू फिनिश

“एकबी भोक ठिवलं न्हाई, ताई,” मल्लिनाथ मिस्त्री म्हणाले. “हात फिरवून बगा. कुटं नख अडकलं तर माझं नाव बदला.”

सुलभाताई तांडेलांनी हात फिरवला. नख कुठंच अडकलं नाही. काँक्रीटच्या त्या कमरेएवढ्या ठोकळ्याला त्यांनी एक पूर्ण चक्कर मारली आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या शेठनी नुकताच त्यांचा सत्कार करून अंगावर सोलापुरी चादर घातली होती. मे महिन्याचं ऊन, आणि बाई जाड चादर पांघरून उभ्या. त्यांना घाम चादरीमुळे फुटला होता. मला कशामुळे फुटला होता ते सांगते.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका प्रीकास्ट कारखान्यात क्वालिटी इंजिनियर आहे. प्रीकास्ट म्हणजे काँक्रीटच्या वस्तू साच्यात ओतून आधीच तयार करायच्या आणि लागतील तिथं ट्रकनं पाठवायच्या. ड्रेनेजचे चेंबर, कंपाउंडचे खांब, गुरांच्या गव्हाणी, बागेतले बाक. क्वालिटी बघते म्हणजे हातोडी घेऊन फिरते आणि लोकांच्या शिव्या खाते. ठोकून बद्द आवाज आला किंवा अंगावर भोकं दिसली की मी लाल रंगानं फुली मारते. फुली म्हणजे रिजेक्ट. भोकं पडतात कारण साच्यात माल नीट हलवून बसवलेला नसतो, आत हवा राहते. त्याला आमच्यात हनीकॉम्ब म्हणतात. नाव गोड आहे, वस्तू वाईट.

ही ऑर्डर आली ती आमच्या सिद्रामशेठच्या स्वभावामुळे. शेठना नाही म्हणता येत नाही. कुणी चंद्रावर पाण्याची टाकी बसवून मागितली तर शेठ आधी हो म्हणतील आणि मग मला विचारतील, “बिराजदारबाई, तितं क्रेन जाती का?” मालवणच्या बाजूच्या एका गावातली मच्छीमारांची सोसायटी असे ठोकळे करून घ्यायला कारखाना शोधत होती. तिकडच्या एकदोघांनी ड्रॉइंग बघून हात जोडले. शेठनी फोनवरच हो म्हटलं. मग मला बोलावून विचारलं, “समुद्रात टाकायचं म्हणत्यात. पैसे देऊन करून घ्यायचं आन पाण्यात टाकून द्यायचं. माणसं बरी हायत न्हवं?”

माणसं अगदी बरी होती. सुलभाताई त्या सोसायटीच्या अध्यक्ष. त्यांनी फोनवर मला सगळं समजावलं. आमच्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, चिडल्या की मालवणी. ट्रॉलरचा विषय निघाला की मालवणीच.

ट्रॉलर म्हणजे मोठी यांत्रिक बोट. तिच्यामागे पिशवीसारखं प्रचंड जाळं असतं, त्याला वजनं लावलेली. हे जाळं समुद्राच्या तळावरून फरफटत ओढतात. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर उभ्या ज्वारीत कुळव घालावा तसं. तळावरच्या वनस्पती, शिंपले, खेकडे, माशांची पिल्लं, सगळं उखडून पिशवीत. विकण्याजोगं ठेवायचं आणि उरलेला मेलेला ढीग परत पाण्यात लोटायचा. किनाऱ्यालगत असं ओढायला बंदी आहे. पण गस्तीची बोट एक आणि किनारा भलामोठा, त्यामुळे बंदी कागदावर आणि ट्रॉलर पाण्यात.

सुलभाताईंच्या गावाची मासेमारी रापणीची. रापण म्हणजे एक लांबच लांब जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं सगळ्या गावानं मिळून किनाऱ्यावरून ओढायची. बायका, म्हातारे, सगळे हात लावतात.

“मागच्या हंगामात गावानं घाम गाळून रापण ओढली,” ताई म्हणाल्या होत्या. “आत काय, तर प्लास्टिक आणि एक चप्पल. ती पण एकाच पायाची. दोन असत्या तर कुणी घातल्या तरी असत्या.”

हे सांगताना त्या हसल्या, पण पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. आणखी एक हंगाम असा गेला तर रापणीची होडी विकायची, असं गावात बोलणं चाललं होतं. होडी गेली की रापण गेली, आणि रापण गेली की तरुण पोरं त्याच ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणार.

त्यावर उपाय म्हणून हे ठोकळे. परवानग्या काढून, ठरलेल्या जागी तळावर सोडायचे. ट्रॉलरचं जाळं ठोकळ्यात अडकतं, फाटतं. एकदा महागाचं जाळं फाटलं की बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, पुन्हा त्या वाटेनं येत नाही. शिवाय ठोकळ्याचं अंग खरबरीत हवं आणि त्याला आरपार भोकं हवीत. खरबरीत अंगावर शेवाळ, शिंपले धरतात, भोकात लहान मासे लपतात, आणि उखडलेला तळ हळूहळू पुन्हा वसतो. हे सगळं पावसाळ्याआधी पाण्यात जायला हवं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बंदी उठली की ट्रॉलर पहिल्या दिवशी हजर. ठोकळे वाहून नेणारा बार्ज, म्हणजे क्रेन बसवलेली सपाट बोट, ठरलेला होता. समुद्र खवळायला लागला की बार्जवाला बंदराबाहेर पाऊल टाकत नाही.

आम्ही साचे केले, भोकांसाठी पाइपचे तुकडे बसवले, ओतकाम झालं. साचे काढले तेव्हा मी स्वतः बघितलं. अंग कसं छान ओबडधोबड, भोकं मोकळी. आयुष्यात पहिल्यांदा भोकं बघून मला आनंद झाला. मी मल्लिनाथ मिस्त्रींना सांगितलं, “मिस्त्री, हे असंच राहू द्या. भोकं महत्त्वाची आहेत.” मिस्त्री म्हणाले, “व्हय, म्याडम.” मग मी नणंदेच्या मुलीच्या लग्नाला मोडनिंबला गेले. ज्या दिवशी सुलभाताई माल बघायला येणार होत्या त्याच सकाळी परतले.

मल्लिनाथ मिस्त्री मंद्रूपचे. आमच्या यार्डातला सगळ्यात चांगला हात. त्यांनी घोटलेल्या बाकावर बसलं तर माणूस घसरतो. आता त्यांची बाजू ऐका. आमच्या धंद्यात ड्रॉइंगमधलं भोक म्हणजे माल उचलायचं भोक. त्यात दोर ओवायचा, क्रेननं वस्तू साच्यातून काढून जागेवर ठेवायची, आणि मग भोक मालानं बुजवून वर फिनिश मारायचं. ही यार्डाची रीतच आहे. उचलायचं भोक उघडं ठेवून माल गेटबाहेर सोडणारा मिस्त्री म्हणजे हात न धुता जेवायला बसणारा माणूस. मी ‘भोकं महत्त्वाची’ म्हटलं त्याचा अर्थ त्यांनी, ती जपून बुजवा, असा घेतला.

त्यात शेठ. “एवढ्या लांबनं बाई येणार,” शेठ म्हणाले, “आन आपण खरबाड दगडं दाखवायची? एमआयडीसीची इज्जत हाय काय न्हाय?” मग काय, भोकं बुजली. वरून सिमेंटचा वॉश. त्यावर नीरू फिनिश, म्हणजे भिंतीला देतात तसा गुळगुळीत हात. त्यावर आकाशी ऑइलपेंट. एका बाजूला पेंटरनं हसरा मासा काढला होता आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचं नाव आणि मोबाइल नंबर.

“शेठ, समुद्राच्या तळाला नंबर कोण वाचणार?” मी विचारलं.

“ज्याचं जाळं फाटंल तो वाचंल की.”

यार्डात ओळीनं मांडलेले ते निळे चकचकीत ठोकळे बालवाडीच्या गॅदरिंगला आलेल्या मुलांसारखे दिसत होते. मी काही करायच्या आत गेटवर गाडी थांबली, नारळ फुटला, चादर घातली गेली, आणि मिस्त्रींनी ते एकही भोक न ठेवल्याचं सांगितलं.

सुलभाताई खाली बसल्या. त्याच एका ठोकळ्यावर. मला वाटलं चिडतील. त्या चिडल्या नाहीत, आणि तेच वाईट वाटलं. मालवणीतच पण अगदी हळू म्हणाल्या, “ह्या काय करून ठेवल्यात ओ तुमी? आता बार्जवाल्याक मी काय सांगू?”

शेठ घाबरले की कानडीत शिरतात. “अय्यो शिवने,” ते मला म्हणाले, “एन माडोदु ईग?” आता काय करायचं, हा प्रश्न मलाही होता. नवे ओतायचे तर काँक्रीट पक्कं व्हायला महिना जातो. तेवढ्यात पाऊस येणार. शेठनी एक प्रयत्न करून बघितला.

“ताई, असंच टाकलं तर? पाण्यात कोण बगतंय?”

“मासो बघता,” ताई म्हणाल्या.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. गुळगुळीत ठोकळ्यावर काही धरत नाही, भोक नाही तर पिल्लांना आसरा नाही, आणि ऑइलपेंट तर समुद्रात नकोच. घोटलेल्या अंगावरून ट्रॉलरचं जाळंही अलगद घसरून पुढं जायचं. मिस्त्रींचा चेहरा पडला. मग तो चढला.

“म्हंजी आमी खोटं काम केलंय व्हय?” ते म्हणाले. “गुळगुळीत झालं ही तक्रार मी जल्मात ऐकली न्हाई. म्याडम, तुमीच फुल्या मारायच्या. भोक दिसलं की फुली. आता भोक न्हाई तरीबी फुली?”

माणसाला आयुष्यभर एक गोष्ट शिकवायची आणि एका सकाळी नेमकी उलटी मागायची, हे मलाही अन्यायाचं वाटलं. मिस्त्री थापी खाली ठेवून तोंड फिरवून उभे राहिले. त्यांच्याशिवाय यार्डातला एक माणूस हातोडी उचलणार नाही हे मला माहीत होतं.

सुलभाताई उठल्या. चादर काढून नीट घडी करून खांद्यावर टाकली. “मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “घरी पाटा-वरवंटा आहे?”

“हाय की.”

“पाटा झिजून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जाते?”

“न्हाई. निसती सरकती हिकडनं तिकडं.”

“मग काय करता?”

“टाकी लावून घेतो,” मिस्त्री म्हणाले. टाकी लावणे म्हणजे छिन्नीनं पाट्याला बारीक खाचा पाडून तो पुन्हा खरबरीत करणे. पूर्वी हे काम करणारी माणसं दारोदार ओरडत यायची.

“आमच्या समुद्राचा तळ ट्रॉलरनं घासून घासून तसाच केलाय. काही धरतच नाही. आम्हाला टाकी लावलेला पाटा हवा होता, मिस्त्री. तुम्ही संगमरवर दिलात.”

मिस्त्रींनी ठोकळ्यावरून एकदा तळवा फिरवला. मग शेठकडे बघून म्हणाले, “छिन्न्या काढा.”

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण मल्लिनाथ मिस्त्रींना वाईट काम करता येत नाही. त्यांनी पहिल्या ठोकळ्याला छिन्नी लावली. थोड्या वेळानं आम्ही बघतो तर एकासारखा एक टाचा, सरळ ओळीत, दोन ओळींत सारखं अंतर. कडेला तर त्यांनी चक्क नक्षीची पट्टी सोडली होती. त्यांच्या हाताखालची माणसंही त्यांचीच शिकवलेली. सगळीकडे देवळाच्या पायरीसारखं काम उठू लागलं.

“वेडंवाकडं मारा हो,” मी म्हटलं.

“मारतोय की.”

“हे वेडंवाकडं आहे?”

मिस्त्रींनी मान तिरकी करून पाहिलं. “हितं जरा चुकलंय,” ते म्हणाले आणि ते दुरुस्त करायला वाकले. या गतीनं पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत काम पुरलं असतं.

त्या दिवशी एमआयडीसीत लाइट नव्हती. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातले माग बंद, आणि तिथली माणसं कंपाउंडच्या भिंतीवर बसून आमचा तमाशा बघत होती. मूळची तेलुगू विणकर माणसं, आयुष्य धाग्यात गेलेलं. त्यांच्यातला श्रीनिवास म्हणून माग दुरुस्त करणारा जॉबर होता, तो वरून म्हणाला, “म्याडम, एवढं काय त्यात? दगड फोडायला काय अक्कल लागते?”

मी त्याच्याकडे बघितलं, आणि मला माझं उत्तर भिंतीवर ओळीनं बसलेलं दिसलं.

शेठनी लगेच भरती सुरू केली. शेठनी घेतलेली ही एकमेव मुलाखत जिच्यात शिफारस उलटी चालली. एकेकाला भिंतीवरून उतरवून ते विचारत, “छिन्नी धरलीय का कधी?”

“नाही.”

“गवंड्याच्या हाताखाली?”

“कधीच नाही, शेठ.”

“जा, त्यो निळा ठोकळा घे.” एकजण मोठ्या उमेदीनं म्हणाला की आपण स्वतःच्या घराचा ओटा बांधलाय. शेठनी त्याला पाणी वाटायच्या कामाला लावलं.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. हातोडी कुठं, छिन्नी कुठं. कुणी टाळकं फोडल्यासारखे घाव घालतंय, कुणी हळदीकुंकू लावल्यासारखे. ढपले उडाले, खड्डे पडले, हसरे मासे सोलले गेले. हसतखेळत तेलुगूत एकमेकांना टोमणे चालले होते. मी मागोमाग फिरून एवढंच बघत होते की घाव फार खोल जात नाहीत. आतली सळई उघडी पडली तर खाऱ्या पाण्यात ती गंजून ठोकळा फुटतो. बाकी जेवढं घाण होईल तेवढं मी शाबासकी देत होते. क्वालिटीच्या नोकरीत असा दिवस मला पुन्हा येणार नाही. सुलभाताईंनी पदर खोचला आणि स्वतःही एक छिन्नी घेतली. मालवणीत ट्रॉलरवाल्यांचा उद्धार करत त्यांनी जो ठोकळा खरबरीत केला, तो सगळ्यात उत्तम झाला.

मिस्त्री तिकडे पाठ करून बसले होते. त्यांना ते बघवत नव्हतं. मी त्यांच्याजवळ गेले.

“मिस्त्री, भोकं उघडायची आहेत. आत भरलेला माल काढायचा, पण मूळ ठोकळ्याला तडा जायला नको. हे यांच्याच्यानं होणार नाही.”

ते उठले. प्रत्येक भोकाचा माल त्यांनी हलक्या हातानं, कडेनं सोडवत काढला. एकाही ठोकळ्याला केसभर तडा नाही. मधेच त्यांनी सुलभाताईंना हाक मारली.

“ताई, मासा हिकडनं आत गेला आन मागं मोठा मासा लागला तर?”

“म्हणून तर भोक आरपार. तिकडून पळतो.”

“असं हाय व्हय. आमच्या घरालाबी मागलं दार हाय,” मिस्त्री म्हणाले. मग प्रत्येक भोकातून आरपार उजेड दिसतो का हे ते एक डोळा मिटून तपासू लागले. त्यांचा राग केव्हा गेला ते कळलं नाही.

उजेड होता तोवर हात चालले, दुसऱ्या दिवशीही चालले. विणकरांच्या हातांना फोड आले, पण लाइट आल्यावरही काहीजण पाळी संपवून येत राहिले. निळा रंग पूर्ण सोलून निघाला. मोबाइल नंबर काढताना शेठ एकदा हळहळले. ट्रक निघाले, घाट उतरले, बार्जवर चढले. शेवटचा ठोकळा पाण्यात गेला तेव्हा समुद्राला उचल लागली होती, असं ताईंनी फोनवर सांगितलं. त्या फोनवर आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, “रेंज नाय हंयसर,” आणि फोन ठेवला.

नंतर पावसाळा गेला. आम्ही गव्हाणी आणि चेंबर करत राहिलो. मिस्त्री अधूनमधून विचारायचे, “काय कळलं का त्येंचं?” काही कळलं नव्हतं. सुलभाताईंचा फोन लागत नव्हता, आणि मला नाही नाही ते सुचत होतं. ठोकळे वाळूत रुतले असतील, जाळी वरून गेली असतील, होडी विकली असेल.

थंडीच्या सुरवातीला ट्रॅव्हल्सच्या गाडीनं एक खोकं आलं. पत्ता शेठच्या नावे. शेठनी ते मोठ्या कौतुकानं एसी केबिनमध्ये टेबलावर ठेवून उघडलं आणि ते खुर्चीसकट मागं सरकले. खोकं सुकटीनं भरलेलं होतं. वाळवलेले मासे, कोळंबी, गच्च, प्लास्टिकमध्ये बांधलेले, पण वास काही बांधला जात नाही. शेठच्या गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य. मीही बिराजदारांच्या शाकाहारी घरातली, मी दारातूनच नाकाला पदर लावला. एसीनं तो वास इमानदारीनं अख्ख्या ऑफिसात पोचवला. अकाउंटंट बाहेर जाऊन उभा राहिला.

मी तिथूनच फोन लावला. या वेळी सुलभाताईंनी उचलला. ट्रॉलर आले होते. दोघांची जाळी फाटली. दोन दिवस त्यांनी शिव्या दिल्या, मग दूर निघून गेले. “मासा काय धोधो आलेला नाही,” त्या म्हणाल्या. “तळ भरायला वर्षं लागतील. पण रापणीला मासा लागला. होडी ठेवलीय. पहिल्या चांगल्या ओढीतला तुमचा वाटा पाठवलाय. आमच्यात ज्यानं ओढायला हात लावला त्याचा वाटा असतो. मिळाला काय?”

“मिळाला,” मी म्हटलं. “साऱ्या एमआयडीसीला कळलंय.”

शेठनी नाक धरूनच खोक्याला लांबून नमस्कार केला. मग मिस्त्रींना आणि श्रीनिवासला बोलावून वाटणी करायला सांगितली, पण यार्डाच्या पार टोकाला, वारा बघून. मल्लिनाथ मिस्त्रींनी एक मूठ सुकट हातात घेऊन वास घेतला, तोंडभर हसले आणि म्हणाले, “म्याडम, माल पास हाय.”

केबिनमधला तो वास आठवडाभर गेला नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? शेठ छाती फुगवून सांगायचे, “आमच्या कामाचं सर्टिफिकेट हाय,” आणि खिडकी उघडायचे. मी एवढंच शिकले की चांगलं काम म्हणजे काय, हे माल बनवायच्या आधी वापरणाऱ्याला विचारून घ्यावं. आणि तो मच्छीमार असेल तर त्याला घरचा पत्ता देऊ नये.